तांबं, पान, गाभा

चाँदभाईचा आवाज गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. घशात गाठ निघाली, पुण्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज तिकडंच राहिला. तो बोलतो तेव्हा नुसता वारा येतो. कान तोंडाजवळ नेला तर शब्द कळतात, लांबून फक्त ओठ हलताना दिसतात. नव्या माणसांना त्यात काही वाटत नाही, कारण त्यांनी तो आवाज ऐकलेलाच नाही. मी मात्र उमेदीची सगळी वर्षं त्या आवाजावर हात चालवून पोट भरलं.

यंदा वैशाखाच्या तोंडाला तो कामशेतहून आमच्या वडिवळ्याला आला. रिक्षातून उतरला, ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि माझ्या कानाशी आला.

"रुमाईसाचा निकाह ठरला रं, भिका."

"आरं वा! पोरगा कुटला?"

"लोणावळ्याचा. अजीम नाव. चांगला हाय पोरगा. पर माझं एक काम अडलंय."

काम असं होतं. त्यांच्यात निकाह लावण्याआधी नवरीची परवानगी मागतात. घरातला एक वडीलधारा वकील होतो, दोन साक्षीदार बरोबर घेऊन नवरीच्या खोलीत जातो आणि तिला विचारतो. ती हो म्हणाली की बाहेर येऊन काझींना सांगतो, मग पुढचं सगळं. रुमाईसाचा बाप, म्हणजे चाँदभाईचा थोरला, ती रांगत होती तेव्हाच गेला. तिला चाँदभाईनंच वाढवलं. विचारायचा मान त्याचा. पण प्रश्न साक्षीदारांना ऐकू तर यायला हवा, आणि वारा कुणाला ऐकू येणार? म्हणून धाकटा मुलगा याह्या म्हणाला होता, "अब्बा, मी विचारतो. तुमी नुसते शेजारी उभे ऱ्हावा."

"शेजारी उभा ऱ्हायला मी काय मांडवाचा बांबू हाय?" चाँदभाई माझ्या कानात फुसफुसला. हसला, पण डोळे हसले नाहीत.

माझी नात यशोधरा त्या दिवशी सुट्टीची घरी होती. ती तळेगावात एका कंपनीत सर्किट बोर्ड आखायचं काम करते. ती चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "चाँदआजोबा, ते गळ्यात घालायचं यंत्र आणलं होतं ना याह्याकाकांनी?"

आणलं होतं. तोंडासमोर मायक्रोफोन, छातीवर छोटा स्पीकर. पण त्याच्यातून शब्दांपेक्षा शिट्टी जास्त यायची. कामशेतच्या नाक्यावर एकदा तो ते घालून गेला, तर पोरं म्हणाली, "चाँदबाबाच्या गळ्यात डास अडकलाय." त्या दिवसापासून यंत्र ट्रंकेत आणि चाँदभाई गप्प.

यशोधरानं ते मागवून घेतलं, पुढच्या खेपेला उघडलं आणि आतली हिरवी पाटी आमच्यापुढं धरली. "बघा. दोनच थर आहेत. मायक्रोफोनची नाजूक तार आणि बॅटरीची वाट एकमेकींना घासून गेल्यात. गुणगुणणारच. मी नवी पाटी करते. चार थरांची."

चार थरांची म्हटल्यावर मी चाँदभाईकडं बघितलं आणि चाँदभाईनं माझ्याकडं. पोरीला वाटलं आम्ही तिला हसतो आहोत.

आमची ओळखच थरांमधली. तळेगावात स्टेशनच्या पलीकडं तेव्हा सर्किट बोर्डांचा एक कारखाना होता. मावळातल्या खेड्यापाड्यांतली माणसं त्यांनी घेतली होती. मी भाताच्या खाचरातून उठून गेलो होतो. शाळा मी लहानपणी लांबून पाहिली होती, म्हशी वळताना.

मला लावलं थर रचायच्या खोलीत. गार खोली, दारं बंद, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. वरून बघणाऱ्याला सर्किटची पाटी म्हणजे एक हिरवा तुकडा. पण चांगल्या पाटीच्या पोटात थरावर थर असतात. मधे कडक गाभा, त्याच्या दोन्ही तोंडांना तांब्याची नक्षी. गाभ्याच्या वर आणि खाली काचेच्या धाग्यांचं, राळेत भिजवून सुकवलेलं कापड. साहेब लोक त्याला प्रीप्रेग म्हणत, आम्ही पान म्हणायचो, कारण पत्रावळीच्या पानासारखं हलक्या हातानं उचलावं लागे. आणि बाहेरच्या अंगाला कागदाहून पातळ तांबं. हे सगळं पोलादी प्लेटांच्या मधे रचून तापलेल्या प्रेसमधे घालायचं. राळ वितळते, धरते आणि सगळे थर मिळून एक होतात. एकदा ती चवड प्रेसमधून बाहेर आली की आतला थर कुणाच्या बापाला हलवता येत नाही. म्हणून जे ठरवायचं ते आधी.

रचणाऱ्यानं नजर हातावरून काढायची नाही, असा नियम होता. केसाएवढा कचरा आत गेला तरी पाटी वाया. मग नकाशा कोण वाचणार? त्यासाठी दुसरा माणूस उभा असायचा. तो नकाशा धरून एकेक थर हाक देऊन सांगायचा आणि रचणारा त्या हाकेवर रचायचा. माझा हाक देणारा चाँदभाई.

"तांबं!" तो म्हणायचा, आणि मी तांबं ठेवायचो.

"पान! ... गाभा! ... पान! ... तांबं!"

आवाज गोड नव्हता. पण प्रेसची घरघर, पंख्यांचा आवाज, तोंडावरचं फडकं, या सगळ्यातून तो सरळ येऊन कानात बसायचा. 'तांबं' म्हणताना शेवट जरा ओढायचा, 'गाभा' म्हणताना खाली उतरायचा, जसं कुणी ओझं खाली ठेवतं. थर वाढले की हाक लांबायची. पण लांब असो की आखूड, ती दोन्ही टोकांनी सारखीच असायची. खालून म्हणा नाहीतर वरून म्हणा, तीच हाक. तशी नसली की पाटी वाकडी होते, कारण एका अंगाला राळ जास्त झाली की थंड होताना ते अंग जास्त ओढतं. आमच्यातला श्रीपती पहिल्या पहिल्यांदा खाली एक पान जास्त घालायचा. विचारलं की म्हणायचा, "खालचा थर दांडगा नको? भिंतीचा पाया कसा असतो?" त्याच्या पाट्या प्रेसमधून उन्हात पडलेल्या पत्रावळीसारख्या वळून बाहेर यायच्या. साहेबानं त्यातली एक खिळ्याला टांगून ठेवली होती. जेवायच्या सुट्टीत चाँदभाई तिला झोका द्यायचा आणि म्हणायचा, "श्रीपती, तुझं पोरगं रडतंय बघ."

ईदच्या वेळी चाँदभाई रजेवर गेला की माझी पंचाईत व्हायची. दुसऱ्या कुणाच्या हाकेला माझा हात बसायचा नाही. एकदा परत आल्यावर तो म्हणाला, "माझा घसा काय तुला जन्माला पुरनार हाय का? वाचायला शिक." मी म्हटलं, "आता ह्या वयात?" तो म्हणाला, "मग काय शाळेच्या वयात परत जानार हायस?"

त्यानं मला शिकवलं ते फिल्म तपासायच्या टेबलावर. टेबलाच्या काचेखाली दिवा असायचा. त्यावर थरांची फिल्म, म्हणजे त्यांच्या नक्षीचा पारदर्शक छाप, पसरलेली आणि फिल्मच्या कोपऱ्यात प्रत्येक थराचा इंग्रजी आकडा. आकडे आधी, मग अक्षरं. काही थरांच्या फिल्म पालथ्या असायच्या, त्यामुळं त्यांचे आकडे उलटे दिसायचे. मला वाटलं, चारचा आकडा तसाच असतो. पगाराच्या सहीपुढं तारीख घालताना मी बरेच महिने चार उलटा काढत होतो. हिशेबवाला चाँदभाईला म्हणाला, "तुझा चेला आरशातून आलाय का?" चाँदभाईचं उत्तर, "आरशातून न्हाई, चौथ्या थरातून."

पुढं कारखाना बंद पडला. चाँदभाईनं कामशेतात किराणा टाकला, मी खाचरात परत आलो. श्रीपती तेवढा त्या धंद्यात टिकला. तळेगावातच एका गाळ्यात जुनी प्रेस घेऊन तो अजून थोड्या थोड्या पाट्या करतो.

यशोधरानं चार थर आखले ते आमच्या ओट्यावर बसून. लॅपटॉपच्या पडद्यावर तिनं पाटी आडवी कापून दाखवली, आत चार रेघा. चाँदभाई तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"मायक्रोफोनची तार सगळ्यात वर," ती म्हणाली. "तिच्या लगेच खाली, अगदी चिकटून, जमीन. म्हणजे पूर्ण तांब्याचा सलग थर. मग मधला गाभा, जाड. त्याच्या खाली बॅटरीचा थर. आणि तळाला स्पीकरच्या तारा, त्या दांडग्या आहेत, त्यांना काही होत नाही."

"जमीन मधेच का?" मी विचारलं. आम्ही हजारो पाट्या रचल्या, पण कुठला थर कुठं का, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

"वीज जाते तशी परत येते, आबा. आणि परत येताना ती ज्या वाटेनं गेली त्याच वाटेच्या खालून यायला बघते. खाली लगेच जमीन असली तर ती गुपचूप येते. नसली तर भटकते आणि वाटेत भेटेल त्याला त्रास देते. बॅटरीचा थर सारखा थरथरत असतो. तो मायक्रोफोनच्या तारेखाली आला तर ती थरथर आजोबांच्या शब्दांत शिरणार. म्हणून मधे जमीन."

चाँदभाईनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "लय भारी. पोरीला इचार, आपल्या येळच्या साहेबांना हे म्हाईत व्हतं का?"

"माहीत असणारच," यशोधरा म्हणाली. तिनं ओठ वाचले होते. "तुम्हाला सांगायला विसरले असतील."

तिनं आखणी पुरी करून श्रीपतीकडं पाठवली आणि स्वतः कामावर गेली. आम्ही दोघं कामशेतहून गाडीनं तळेगावला गेलो. तसं जायचं काही कारण नव्हतं. जुना कारखाना होता तिथं आता उंच सोसायटी आहे आणि खाली केक-पेस्ट्रीचं दुकान. चाँदभाई तिथं थांबला, एका गाडीच्या शेजारी उभा राहिला आणि पायानं जमीन ठोकली. हितं प्रेस होती, असं त्याला म्हणायचं होतं. मला वाटतं, प्रेस अजून थोडी पलीकडं होती. पण मी वाद घातला नाही.

श्रीपतीनं चहा मागवला. नकाशे बघत बघत तो म्हणाला, "भिका, पोरीनं आतल्या थरांना नावं दिल्यात, आतला एक आन आतला दोन. जमीन म्हंजी आतला एक. एक म्हंजी खालचा न्हवं?"

"मग काय वरचा? घर काय कळसापासनं बांधत्यात?" मी म्हणालो.

चाँदभाईनं मान हलवली. श्रीपतीनं मान हलवली. तिघांनी चहा प्याला.

निकाह रविवारी, लोणावळ्यात हॉल घेतलेला. पाट्या आल्या, यशोधरानं त्यावर भाग बसवले आणि गुरुवारी सकाळी कामावर जायच्या आधी यंत्र घेऊन ती मला कामशेतला चाँदभाईच्या घरी घेऊन गेली. रुमाईसा बाजाराला गेली होती, ते बरं झालं. चाँदभाईनं नवा सदरा घातला होता, जणू त्याचाच निकाह. यशोधरानं पट्टा गळ्यात घातला, बटण दाबलं.

"बोला, आजोबा."

चाँदभाई म्हणाला, "बेटा रुमाईसा..."

शब्द आले. पण त्यांच्या भोवती कुईं, कुईं असा बारीक आवाज, जुन्या यंत्रापेक्षा कमी, तरी होताच. तो थांबला तरी आवाज चालू राहिला. याह्या दारात उभा होता. चाँदभाईनं पट्टा काढला, नीट गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग माझ्या कानाशी आला. "जाऊ दे. याह्या इचारंल. लग्नाच्या दिवशी डास नको."

यशोधराचं तोंड उतरलं होतं. तिनं कंपनीत फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि पाटी घेऊन ओसरीवर बसली. सुरीच्या टोकानं पाटीच्या एका रिकाम्या कोपऱ्यावरचा हिरवा रंग आणि खालची राळ खरवडली, पहिलं तांबं लागेपर्यंत. मग मीटरची एक सुई तिथं टेकवली आणि दुसरी बॅटरीच्या तारेला. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही एकमेकांना जोडलेलं.

"इथं जमीन लागायला पाहिजे," ती म्हणाली. "बॅटरी लागतेय. आतले दोन थर उलटे झालेत." मग तिनं मान वर केली. "आबा, तुम्ही श्रीपतीआजोबांना आतला एक कुठला म्हणून सांगितला?"

"खालचा."

"का?"

"एक खालचाच असतो की. त्याच्यावर बाकीचे बसत्यात."

"आम्ही वरून मोजतो, आबा! वरचा पहिला."

"वरनं का?"

"पडद्यावर पाटी वरूनच दिसते म्हणून!"

"आमी ती वरनं कधी बघितलीच न्हाई, बाळा," मी म्हणालो. "आमच्यापुढं आधी रिकामी प्लेट यायची."

ती चिडली होती, पण हे ऐकून तिला हसू आवरेना. चाँदभाईही खांदे हलवून हसायला लागला, आवाजाशिवाय. तिनं कपाळावर हात मारला. "तिघांपैकी एकालाही वाटलं नाही, पोरीला फोन करून विचारावं? आणि माझीही कमाल. आकडे देऊन सोडून दिले, वर कुठलं ते लिहिलंच नाही. थांबा, अजून वेळ आहे."

तिनं श्रीपतीला फोन लावला. स्पीकरवर तो आधी ओरडला, मग गार झाला. "करतो, पोरी. गाभा आजच करून ठिवतो. पर रचायला मानूस न्हाई. माझी दोन्ही पोरं राबाला गावाकडं गेल्यात. सोमवारशिवाय येत न्हाईत."

चाँदभाईनं फोनकडं बघितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि दुसरा माझ्या खांद्यावर.

शुक्रवारी नमाज झाल्यावर आम्ही निघालो. गाडीच्या खिडकीतून डोंगराच्या पायथ्याला जागोजाग राबाचा धूर दिसत होता. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, तो राब. माझी आई येसूबाई राब रचायची तेव्हा मला हाताखाली घ्यायची. आधी शेण, त्याच्यावर झाडाच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळं, त्याच्यावर गवत, पालापाचोळा. आणि सगळ्यात वर बारीक माती. मी एकदा विचारलं होतं, माती तर खाली असते, ही वर कशाला? आई म्हणाली, "माती वर पायजे. न्हाईतर आग उडून जाती. वरनं माती असली की ती गपगुमान आत जळती." हे चाँदभाईला सांगावं असं मला वाटलं, पण तो खिडकीशी डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. रविवारचा प्रश्न घोकत असणार.

श्रीपतीच्या गाळ्यातली रचायची खोली म्हणजे पत्र्याचं एक खुराडं. पण टोपी होती, फडकं होतं, घासून लख्ख केलेली पोलादी प्लेट होती. श्रीपती प्रेस तापवायला गेला. टेबलाशी आम्ही दोघं उरलो. मी सवयीनं प्लेटीपुढं उभा राहिलो.

चाँदभाईनं मला कोपरानं बाजूला सारलं. स्वतः प्लेटीपुढं उभा राहिला, हातमोजे घातले आणि भिंतीवर लावलेल्या नकाशाकडं बोट केलं. मग माझ्याकडं.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. हाक द्यायला आवाज लागतो.

यशोधरानं या वेळी नकाशावर मोठा बाण काढून 'वर' असं लिहिलं होतं आणि प्रत्येक थरापुढं मराठीत नाव. पहिली ओळ वरच्या थराची, शेवटची तळाची. म्हणजे रचायचं तर शेवटच्या ओळीपासून वाचत वर जायचं. मी चष्मा पुसला, बोट तळाच्या ओळीवर ठेवलं आणि घसा साफ केला. एवढी वर्षं मी ती हाक ऐकली होती. दिली कधीच नव्हती.

"तांबं," मी म्हणालो.

चाँदभाई हलला नाही. त्यानं हातानं खूण केली, मोठ्यांदा.

"तांबं!"

त्यानं तांबं उचललं, दोन कोपरे धरून, आणि एक सुरकुतीही न पडू देता प्लेटीवर निजवलं. माझा हात इतका हलका कधी नव्हता.

"पान!"

पान.

मग गाभा. तिथं नकाशात नुसतं गाभा नव्हतं, पुढं आणखी दोन शब्द होते. मी ते एकेक अक्षर बघून वाचले. "गाभा! ... जमीन वर!"

चाँदभाईनं गाभा हातात घेतला, दिव्याकडं तिरका धरला, दोन्ही तोंडं तपासली आणि सलग तांब्याचं तोंड वर करून ठेवला. मग मान वर न उचलता एक बोट उभं केलं, म्हणजे पुन्हा सांग.

"जमीन वर!"

बोट खाली आलं.

"पान! ... तांबं!"

बाहेरून श्रीपती ओरडला, "आरं भिका, तुझ्या गळ्यात चाँदभाई कधी शिरला?"

श्रीपतीनं रातोरात पाटी पुरी करून दिली आणि शनिवारी दुपारी यशोधरानं भाग बसवून यंत्र चाँदभाईच्या घरी आणलं. याह्या, त्याची बायको, रुमाईसा, सगळे खोलीत. रुमाईसाला आम्ही बाहेर काढणार होतो, पण यशोधरा म्हणाली, "असू दे." पट्टा गळ्यात घातला. बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, बंदच आहे.

"चालू आहे," यशोधरा म्हणाली. "शांत आहे, एवढंच."

चाँदभाईनं मायक्रोफोन तोंडाशी नीट केला. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि माझ्यावर नजर थांबली.

"तांबं," तो म्हणाला.

आवाज जुना नव्हता, ते मी सांगायला नको. घोगरा होता, वाऱ्यानं भरलेला, म्हातारा. पण शेवट ओढायची ती ढब तीच होती. आणि माझा उजवा हात, खुर्चीच्या दांडीवर निवांत पडलेला, उचलला गेला. टेबलावर काही नव्हतं. बोटं मात्र काहीतरी पातळ उचलायला निघाली होती. रुमाईसानं ते पाहिलं आणि विचारलं, "भिकादादा, काय झालं?" मी म्हटलं, "काय न्हाई. माशी व्हती."

रविवारी लोणावळ्याच्या हॉलात बायकांच्या बाजूला एक खोली नवरीसाठी होती. चाँदभाई दोन साक्षीदारांबरोबर आत गेला. मी दाराबाहेर थांबलो, पडद्याच्या अलीकडं. याह्याही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. अब्बांना ऐनवेळी जमलं नाही तर, म्हणून तो आला होता.

आतून स्पष्ट आवाज आला. "रुमाईसा बेटा, अजीमशी तुझा निकाह लावायची मला परवानगी हाय का?"

आत शांतता. लाजत असेल, असं मला वाटलं.

चाँदभाईनं दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. रीत तीनदा विचारायची असते. तरी ती बोलेना. बायकांत कुजबुज झाली. याह्यानं माझं मनगट धरलं. "पोरीच्या मनात काय हाय का काय, काका?"

मग रुमाईसाचा आवाज आला, भरलेला. "अजून एकदा विचारा ना, दादाजी."

एका साक्षीदारानं विचारलं, "ऐकू आलं न्हाई का, बेटा?"

"आलं," ती म्हणाली. "म्हणूनच."

आत कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं. याह्यानं माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडं तोंड केलं. चाँदभाईनं घसा साफ केला, तोही यंत्रातून खणखणीत आला, आणि त्यानं चौथ्यांदा विचारलं. अगदी सावकाश, एकेक शब्द जपून ठेवत.

"व्हय," रुमाईसा म्हणाली. "कबूल हाय."

चाँदभाई पडदा बाजूला करून बाहेर आला. हॉलात काझी, अजीमकडची माणसं, सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं जाऊन काझींना सांगितलं, परवानगी मिळाली. मग तो वळला, माझ्याजवळ आला, आणि जुन्या सवयीनं माझ्या कानाशी तोंड आणून गुपचूप बोलला.

"भिका, आत पाय कापत व्हते रं माझं."

बटण बंद करायचं राहिलं होतं. स्पीकरमधून ते वाक्य अख्ख्या हॉलात गेलं, शेवटच्या रांगेतल्या आचाऱ्यापर्यंत.